दुसऱ्याच्या जागेत घसरून पडलं, तर भरपाई मागता येते का?

सायंतारा

मंडळी, एका विषयावर इथल्या जाणकारांचं मत हवंय. इथे वेगवेगळ्या देशांत राहणारे लोक आहेत, त्यामुळे उत्तरंही वेगवेगळी येतील. सगळी चालतील.

माझी आत्या एका मोठ्या दुकानात फ्रीजरसमोर साचलेल्या पाण्यावरून घसरली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागली. दुकानाच्या मॅनेजरचं म्हणणं, "बघून चालायला हवं होतं." आणि आत्याचं म्हणणं, "जाऊ दे गं, माझंच लक्ष नव्हतं." मला मॅनेजरपेक्षा आत्याच्या बोलण्याचा जास्त त्रास झाला. चारचौघांत पडलेल्या माणसाला आधी लाज वाटते. तो लगबगीने उठतो, कपडे झटकतो, "काही नाही, काही नाही" म्हणत बाहेर पडतो. पाणी कुठून आलं, किती होतं, आसपास कोण होतं, हे कोणी बघून ठेवत नाही. पुढे भरपाईचा विचार मनात येतो तेव्हा हातात फक्त एक्स-रे असतो.

विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल हाच नंबर. उपचार घ्यावेच लागतील असं पडणं वर्षाला ३ कोटी ७३ लाख वेळा घडतं. यातलं सगळंच दुसऱ्याच्या चुकीने होत नाही हे उघड आहे, पण जे होतं त्याचं काय?

वाचता वाचता अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे दोन जुने निकाल सापडले, आणि मला या विषयाची किल्लीच मिळाल्यासारखं वाटलं. दोन्ही रेल्वेविरुद्धचे, दोन्ही केळ्याच्या सालीवरून घसरल्याचे. १९०१ च्या निकालात प्रवासी हरला. न्यायालय म्हणालं, साल नुकतीच, अगदी मिनिटाभरापूर्वी दुसऱ्या कुणा प्रवाशाने टाकलेली असू शकते, मग रेल्वेने ती उचलायची कधी? १९११ च्या निकालात मात्र प्रवासी महिलेचा दावा टिकला. कारण साक्षीत सालीचं वर्णन आलं होतं: कोरडी पडलेली, माती लागलेली, तुडवून चपटी झालेली आणि काळी. म्हणजे ती बराच वेळ तिथे होती आणि स्टेशनावरच्या कर्मचाऱ्यांना दिसायला हवी होती. पडणं तेच, सालही तीच. एका निकालात तिचा रंग कुणीतरी सांगितला, दुसऱ्यात नाही.

आत्याच्या बाबतीत पाण्याचा "रंग" कसा सांगायचा? सीसीटीव्ही मागता येतं का? आणि तिचं लक्ष नव्हतं असं ती स्वतःच म्हणते, त्याने दावा बुडतो का?

कायदेकानू

सायंतारा, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंय. बहुतेक लोक "पडलो, लागलं, जागा त्यांची" एवढ्यावर येतात. त्याने दावा उभा राहत नाही. जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याने वाजवी काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवावं लागतं. आणि ताबा म्हणजे मालकीच असं नाही. मालक एक, भाडेकरू दुसरा, इमारत सांभाळणारी कंपनी तिसरी, सफाईचं कंत्राट चौथ्याकडे, असं सर्रास असतं. नोटीस चुकीच्या माणसाला गेली की मुदत तशीच सरते, म्हणून पहिलं काम कोणाच्या ताब्यात काय होतं ते शोधणं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे, स्कॉटलंडमध्ये १९६० चा. १९५७ च्या कायद्यातल्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. एक, लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी सांभाळून वागतील हे जागेवाल्याने गृहीत धरलंच पाहिजे. दोन, धोक्याची पाटी लावली म्हणून सुटका होत नाही. त्या पाटीमुळे येणारा माणूस खरोखर सुरक्षित राहू शकत होता का, हे बघतात. आत येण्याची एकमेव वाट ओली असेल आणि तिथे "सावधान" लिहिलं असेल, तर वाचून माणूस करणार काय? उडून जाणार?

पूर्वी न्यायालयं आलेला माणूस गिऱ्हाईक होता, पाहुणा होता की विनापरवानगी घुसलेला, यावरून काळजीची पातळी ठरवायची. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ही विभागणी मोडीत काढली. त्या प्रकरणात घरी आलेल्या पाहुण्याचा हात बाथरूममधल्या नळाच्या फुटक्या दांड्याने कापला होता आणि दांडा फुटलाय हे घरात राहणाऱ्या बाईंना आधीपासून माहीत होतं. ऑस्ट्रेलियानेही १९८७ मध्ये तोच मार्ग धरला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत मात्र जुनी विभागणी अजून चालते, तेव्हा तिथल्या लोकांनी आपापल्या राज्यापुरतं विचारून घ्यावं.

आता तुमच्या पाण्याच्या "रंगा"बद्दल. ते पाणी कधीपासून होतं हे पडलेल्या माणसाने सिद्ध करायचं म्हटलं तर अन्याय होतो, कारण तो तिथे दोन मिनिटांपूर्वी आलेला असतो. इंग्लंडमध्ये १९७६ साली टेस्को स्टोअर्सविरुद्ध निकाल लागला तो याच मुद्द्यावर. ग्राहक महिला सांडलेल्या दह्यावरून घसरली होती. दही कधी सांडलं हे कोणालाच माहीत नव्हतं. अपील न्यायालयाने बहुमताने ठरवलं की असं सांडणं नीट चालवलेल्या दुकानात सहसा तसंच पडून राहत नाही, तेव्हा आम्ही काळजी घेतली होती हे आता दुकानाने दाखवावं. मला यातला एक बारकावा कायम लक्षात राहिला आहे. त्या बाई साधारण तीन आठवड्यांनी त्याच दुकानात गेल्या तेव्हा संत्र्याचा रस जमिनीवर सांडलेला दिसला आणि पाव तास त्याकडे कोणी फिरकलं नाही, हे त्यांनी नजरेने पाहून साक्षीत सांगितलं.

ऑस्ट्रेलियाचा २०१२ चा वूलवर्थ्सविरुद्धचा निकाल तर अशा दाव्यांत वाचायलाच हवा. कुबड्या घेऊन चालणाऱ्या एका महिलेची कुबडी दुकानाबाहेरच्या विक्रीच्या जागेत पडलेल्या बटाट्याच्या चिपवरून सटकली. वेळ दुपारी साडेबाराची. बचाव असा की जेवणाची वेळ, चिप आत्ताच पडली असणार. तिथल्या उच्च न्यायालयाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वांत वरचं) हिशेब मांडला: विक्री सकाळी ८ पासून चालू, दर १५-२० मिनिटांनी जागा बघायला हवी होती, आणि तशी कोणतीच व्यवस्था नव्हती. मग चिप शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत पडली असण्यापेक्षा आधीच्या चार तासांत पडली असण्याची शक्यता जास्त. महिलेच्या बाजूने निकाल लागला.

म्हणून आत्यांच्या वकिलांनी "पाणी कधी सांडलं" यापेक्षा "तुम्ही शेवटचं कधी बघितलं" हा प्रश्न दुकानाला लेखी विचारावा.

स्पष्टवक्ता११

विषय चांगला आहे, पण मी दुसरी बाजू मांडतो. माझा स्वतःचा छोटा व्यवसाय आहे. पावसात ओल्या चपलांनी शंभर माणसं आत येतात. प्रत्येकामागे पोछा घेऊन माणूस उभा करायचा का? आपण कुठे पाय ठेवतोय हे बघायची जबाबदारी चालणाऱ्याची काहीच नाही का? मोबाईलमध्ये डोकं घालून चालायचं आणि पडलं की दुसऱ्याला नोटीस, हे मला पटत नाही. असे दावे वाढले की विम्याचे हप्ते वाढतात आणि ते शेवटी ग्राहकांकडूनच वसूल होतात.

कायदेकानू

तुमचा मुद्दा कायद्याला पूर्ण मान्य आहे. प्रत्येक थेंब पुसला पाहिजे असं कुठलंच न्यायालय म्हणत नाही. इंग्लंडमध्ये २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, अशाच विचाराने एक दावा फेटाळला. पोहण्यास मनाई असलेल्या तळ्यात १८ वर्षांच्या मुलाने उथळ पाण्यात सूर मारला आणि त्याला कायमचं अपंगत्व आलं. धोका उघड होता, उडी त्याने स्वतःच्या मर्जीने मारली होती, आणि थोड्यांच्या बेफिकिरीपायी सगळ्यांची मोकळी जागा बंद करता येत नाही, अशी न्यायमूर्तींची भूमिका होती. निकाल कठोर आहे, पण मला तो बरोबर वाटतो.

पण "चालणाऱ्याचीही चूक" म्हणजे "चालणाऱ्याला शून्य" हे समीकरण जुनं झालं. १८०९ च्या इंग्लंडमधल्या एका निकालात रस्त्यावर आडवा दांडा टाकणारा सुटला, कारण घोडेस्वार भरधाव जात होता. त्यानंतर कितीतरी वर्षं जराशी चूक असली तरी सगळा दावा बुडायचा. इंग्लंडने १९४५ च्या कायद्याने ते बदललं. आता न्यायालय दोष वाटून देतं. समजा चालणाऱ्याचा दोष ३० टक्के धरला, तर भरपाईतून तेवढी कापून बाकीची मिळते. भारतातही न्यायालयं अशीच वाटणी करतात. कॅलिफोर्नियात १९७५ पासून तसंच आहे. अमेरिकेत काही राज्यांत तुमचा दोष निम्म्यावर गेला की काहीच मिळत नाही, आणि अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया इथे जुना कडक नियम अजून टिकून आहे. तिथे राहणाऱ्यांनी "माझंच लक्ष नव्हतं" हे वाक्य तोंडातून काढताना शंभरदा विचार करावा.

उघड दिसणाऱ्या धोक्याबद्दलही कायदा सरकतोय. मिशिगनमध्ये धोका डोळ्यांना दिसण्यासारखा होता एवढ्यावर दावे सुरुवातीलाच फेटाळले जायचे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो नियम बदलला. आता धोका उघड होता हा मुद्दा दोष वाटताना बघितला जातो, दारातच दावा अडवायला वापरता येत नाही.

देखभाल_विभाग

मी मोठ्या इमारतींच्या देखभालीत आयुष्य घालवलंय, त्यामुळे स्पष्टवक्तांची अडचण मला रोज दिसते. पण पोछा घेऊन माणूस उभा करणं हा उपाय नाहीच. पाणी आत येणारच, तर दारात ते शोषून घेणारी पायपुसणी इतकी लांब हवी की माणसाची तीन-चार पावलं तिच्यावर पडतील. बहुतेक ठिकाणी दीड पावलाचं पायपुसणं असतं आणि त्याचा कोपरा वर वळलेला असतो. त्या कोपऱ्याला ठेचकाळूनही लोक पडतात.

दुसरी गोष्ट फरशीची निवड. गुळगुळीत चकचकीत फरशी कोरडी असताना पायाला धरते, पाण्याचा पातळ थर आला की अजिबात धरत नाही. हे मोजता येतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी लंबकाचं यंत्र वापरतात. टोकाला रबराचा तुकडा लावलेला दांडा ओल्या फरशीवर घासून जातो आणि किती अडला याचा आकडा मिळतो. ३६ किंवा वर असेल तर घसरण्याचा धोका कमी, २५ ते ३५ मध्यम, २४ आणि खाली असेल तर जास्त. दाव्यात वकिलाने हा आकडा मागितला की "सांडलं कधी" या वादातून बरीच सुटका होते, कारण मग प्रश्न असा होतो की जिथे पाणी येणार हे माहीत होतं तिथे अशी फरशी बसवलीच का.

तिसरी, सफाईची नोंदवही. स्वच्छतागृहाच्या दाराआड लटकलेला तक्ता सगळ्यांनी पाहिला असेल. तासातासाला वेळ आणि सही. काही ठिकाणी ती खरी असते. काही ठिकाणी पाळी संपताना एकाच पेनाने, एकाच तिरक्या ओळीत आठ सह्या खाली उतरलेल्या असतात आणि त्यातल्या दोन वेळांना तो कामगार जेवायला गेलेला असतो. मी सांभाळतो तिथे प्रत्येक सहीशेजारी काय दिसलं ते दोन शब्दांत लिहायला लावतो: "कोरडं", "नळ गळतोय", "साबण सांडला, पुसला". अशी वही खऱ्या वापरातली वाटते आणि असते. नुसत्या बरोबरच्या खुणांची वही तपासणाऱ्याला पटत नाही, पटायलाही नको.

आणि ती पिवळी पाटी. वर्षभर एकाच कोपऱ्यात उभी असलेली पाटी लोकांना दिसेनाशी होते. फरशी वाळली की पाटी उचलायची, हे कामगारांना शिकवण्यात मी बरीच शक्ती घालवलीय. फरशी पुसण्याबद्दलही तेच. ओल्या पोछ्याने सगळी वाट एकदम भिजवून ठेवली तर सफाईच धोका होते. अर्धी पुसायची, वाळू द्यायची, मग उरलेली.

सायंतारा, फ्रीजरसमोरचं पाणी असेल तर एक सांगतो. ते बहुधा कोणी सांडलेलं नसतं. बर्फ वितळून येणाऱ्या पाण्याची नळी तुंबली की पाणी खालून पसरतं, आणि हे एकदा होऊन थांबत नाही. त्या फ्रीजरच्या दुरुस्तीच्या नोंदी मागा. आधी मेकॅनिक येऊन गेला असेल तर दुकानाला गळती माहीत होती असं होतं, आणि मग किती वेळ हा प्रश्नच उरत नाही.

जिना_चढता

जिन्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. आमच्या एका नातलगांचा तोल शेवटच्या पायरीवर गेला. पायरी कोरडी होती, स्वच्छ होती. मग दावा होतच नाही का?

देखभाल_विभाग

होऊ शकतो. पायऱ्या मोजून बघा. माणसाचा पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची ओळखतो आणि पुढे न बघता तेवढाच उचलतो. एक पायरी जरा कमी-जास्त असली की तोल जातो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लागू असलेल्या इमारत संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ९.५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. शेवटची पायरी चुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे जिना आधी बांधतात आणि खालच्या मजल्याची फरशी नंतर चढवतात. पट्टी शेजारी धरून प्रत्येक पायरीचा फोटो काढा. कठडा कुठपर्यंत येतो आणि पायरीची कड उजेडात वेगळी दिसते का, तेही.

डॉ_अस्थी

मी हाडांचा डॉक्टर आहे, कायद्यातलं कळत नाही, पण दाव्यांसाठी माझे केसपेपर मागवले जातात म्हणून लिहितो.

पडल्यावर रुग्ण येतो, आम्ही विचारतो काय झालं, तो म्हणतो पडलो. आम्ही "घसरून पडले" लिहितो. कुठे, कशावरून, हे त्याने सांगितलं तरच कागदावर येतं. तेव्हा पहिल्याच भेटीत सांगा: अमुक ठिकाणी, ओल्या फरशीवर. नंतर कितीही प्रतिज्ञापत्रं केली तरी त्या पहिल्या ओळीचं वजन वेगळं.

दुसरं, "काही नाही" म्हणून घरी जाऊ नका. हातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाचा तडा असू शकतो, आणि तो पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. दुखणं राहिलं तर दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा तपासावंच लागतं. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दाखवा. उपचाराला उशीर झाला की शरीराचं नुकसान होतंच, वर विमा कंपनीचा वकील म्हणतो की इतकं लागलं होतं तर आठवडाभर थांबलात कशाला.

ज्येष्ठांच्या बाबतीत "त्यांची हाडं आधीच ठिसूळ होती" असं सांगून घरच्यांना गप्प केलं जातं. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं, कारण मला ते ऐकून संताप येतो.

कायदेकानू

संताप रास्त आहे. ज्याची चूक, त्याने समोरचा माणूस जसा आहे तसा स्वीकारायचा, हे तत्त्व इंग्लंड-अमेरिकेपासून भारतापर्यंत मानलं जातं. धडधाकट माणसाला फक्त मुका मार लागला असता, हा बचाव होत नाही. मात्र जुनी संधिवाताची दुखणी नव्या दाव्यात घुसडली तर तीही कापली जातात. आधीचे रिपोर्ट लपवू नका, वकिलाला सगळं द्या.

पूर्वरंग

मुदतीबद्दल लिहितो, कारण खरे दावेही तिथेच मरतात. इंग्लंडमध्ये इजेच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षं, अल्पवयीन असेल तर मोजणी १८ पूर्ण झाल्यापासून. भारतात निष्काळजीपणाच्या दिवाणी दाव्याला सहसा ३ वर्षं. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत त्रुटी होती म्हणून ग्राहक आयोगाकडे गेलात तर २०१९ च्या कायद्याने २ वर्षं. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं: न्यूयॉर्कमध्ये ३, कॅलिफोर्नियात २, टेनेसी आणि केंटकीत एकच वर्ष. फ्लोरिडाने २०२३ मध्ये चारावरून दोनावर आणलं. लुइझियानाने उलट १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांसाठी एकाची दोन केली.

जागा सरकारी असेल तर वरचे आकडे विसरा. न्यूयॉर्क शहराविरुद्ध ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, कॅलिफोर्नियात सरकारी संस्थेविरुद्ध ६ महिन्यांत. भारतात शासनावर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार २ महिन्यांची नोटीस. न्यूयॉर्कमध्ये आणखी एक मोठा अडसर आहे: तो खड्डा किंवा उखडलेली फरशी शहराला आधी लेखी कळवलेली नसेल तर शहर सहसा जबाबदार धरलं जात नाही. त्यावर तिथल्या वकिलांनी एक संस्थाच काढली. तिची माणसं रस्तोरस्ती फिरून पदपथांवरचे दोष नकाशांवर खुणांनी नोंदवायची आणि ते नकाशे शहराला सादर करायची, म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येऊ नये. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला. आपल्या भागातला उखडलेला पदपथ आपण कोणी लेखी कळवतो का? कळवावा. पोच घ्यावी. पुढे पडणाऱ्या अनोळखी माणसाला त्याचा आधार होतो.

मुक्तछंद७

जो माणूस तिथे कामालाच आहे तो पडला तर? माझी मैत्रीण एका स्वयंपाकघरात मदतनीस आहे. तेलकट फरशीवर पडली आणि तिला सांगितलं गेलं की तुझीच चूक.

पूर्वरंग

मुक्तछंद, कामावर पडलेल्यांची वाट वेगळी आणि बऱ्याचदा सोपी असते. भारतात यासाठी १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व तेच आहे. काम करताना, कामामुळे अपघात झाला हे दाखवायचं, मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. ती ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल तर तिकडून लाभ मिळतात. अमेरिकेतही कामगारांची भरपाई अशीच चुकीचा प्रश्न न विचारता दिली जाते. न्यूझीलंड तर याच्याही पुढे गेला. तिथे १ एप्रिल १९७४ पासून अपघातात जखमी झालेल्या कोणालाही सरकारी योजनेतून उपचार आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्सा मिळतो, आणि त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जाण्याचा हक्क जवळजवळ काढून घेतलाय. मला ती पद्धत सर्वांत माणुसकीची वाटते. हाड मोडलेल्या माणसाने सालीचा रंग शोधत बसायचं, हे मुळातच विचित्र आहे.

स्पष्टवक्ता११

न्यूझीलंडचं पटलं. व्यावसायिकालाही ते परवडेल. एक विचारतो: "आत येणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर यावे, इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही" अशी पाटी माझ्याकडे आहे. तिचा उपयोग किती?

कायदेकानू

इंग्लंडमध्ये काहीच नाही. निष्काळजीपणाने झालेला मृत्यू किंवा इजा, यांची जबाबदारी पाटीने किंवा कराराने झटकता येत नाही, असं १९७७ पासून कायद्यातच आहे. इतर ठिकाणी कमी-जास्त, पण मी तुमचा वकील असतो तर ती पाटी काढून त्या पैशांत मोठं पायपुसणं घ्या म्हटलं असतं.

भारताबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून थोडं. आपल्याकडे जागेच्या ताबेदारांसाठी इंग्लंडसारखा वेगळा कायदा नाही, न्यायालयं निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर चालतात. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा निकाल आहे. मनोरा ८० वर्षांचा, तशा बांधकामाचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. दोष बाहेरून दिसत नव्हता हा महापालिकेचा बचाव न्यायालयाने मानला नाही. रस्त्यालगत बांधकाम आहे तर ते तपासत राहणं हे तुमचं कामच आहे, असं सांगितलं. दुसरीकडे, १९७८ साली दिल्लीतल्या एका हॉटेलच्या तरणतलावावर निसरड्या जागेवरून घसरून १७ वर्षांच्या मुलीला मानेखाली अपंगत्व आलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा भरपाईचा निकाल आला २०११ मध्ये. तत्त्वं चांगली आहेत. वेळेचं काय, हे या दोन सालांवरून दिसतं. म्हणून भारतात लहान-मध्यम रकमेसाठी ग्राहक आयोग किंवा समझोता हा मार्ग आधी बघावा. भारतात वकिलाला जिंकलेल्या रकमेत वाटा ठरवून फी घेता येत नाही. अमेरिकेत तीच रीत आहे, साधारण एक तृतीयांश. इंग्लंडमध्ये हरलात तर वकिलाची फी नाही, असे करार चालतात.

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आत्या युरोपात असते हे मी आधी लिहायला हवं होतं. देखभाल_विभाग, फ्रीजरच्या नळीचं आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. आत्याला आता आठवतंय की फ्रीजरच्या पायाशी भिजलेला पुठ्ठा अंथरलेला होता.

दुकानाच्या विमा कंपनीचा फोन आला होता. "फक्त काय घडलं ते सांगा, रेकॉर्ड करतोय" म्हणाले. शिवाय रुग्णालयाचं बिल भरतो, एका कागदावर सही करा, असंही. काय करावं?

देखभाल_विभाग

पुठ्ठा! म्हणजे पाणी येतंय हे तिथल्या कोणाला तरी माहीत होतं, आणि त्याने नळी साफ करण्याऐवजी पुठ्ठा टाकला. हे आजच लिहून, तारीख घालून, आत्यांची सही घेऊन ठेवा. सोबत कोणी होतं तर त्यांचंही.

कायदेकानू

पुठ्ठ्याने सगळं चित्रच बदललं. सीसीटीव्हीसाठी आजच पत्र पाठवा, तारीख, वेळ, फ्रीजरची जागा आणि आत्यांचे कपडे यांच्या वर्णनासह. अनेक ठिकाणी जुनं चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून "जपून ठेवा" ही मागणी आधी, "द्या" ही नंतर. फक्त पडतानाचं नको, आधीच्या काही तासांचंही जपायला सांगा, पुठ्ठा कोणी आणि कधी टाकला ते त्यातच दिसेल. युरोपीय संघाच्या आणि ब्रिटनच्या डेटासंरक्षण कायद्यांत स्वतःचं चित्रण मागण्याचा हक्क आहे आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. पत्र मिळाल्यावरही चित्रण नष्ट केलं तर न्यायालय त्याचा अर्थ दुकानाविरुद्ध लावू शकतं.

रेकॉर्डिंगवर बोलायला त्या बांधील नाहीत. नम्रपणे सांगा, लेखी विचारा, लेखी उत्तर देऊ. आणि त्या कागदावर सही अजिबात नको. त्यात बहुधा "या रकमेत सर्व हक्क मिटले" असं वाक्य असतं. आत्ता बिल दिसतंय, पण प्लेट पुढे काढावी लागली तर तो खर्च, फिजिओथेरपी, उजव्या हाताची पकड कायमची कमी झाली तर त्याचं मोल, घरकामाला ठेवावी लागलेली मदत, हे सगळं त्या सहीत जातं.

डॉ_अस्थी

पकडीचं मोजमाप होतं. हातात दाबायचं यंत्र असतं, दोन्ही हातांचा आकडा किलोग्रॅममध्ये मिळतो. मनगट साधारण कुठवर सुधारेल हे कळायला सहा महिने ते वर्ष जाऊ शकतं. तोवर दर तपासणीला आकडा लिहून घ्या आणि प्लेट काढावी लागेल का, किती खर्च येईल, हे सर्जनकडून लेखी मागा. ते देतात, मागावं लागतं.